बाग विश्रांतीत आहे

औषधांच्या खोलीत गंधकाच्या पिशव्या नऊ होत्या, मोरचुदाच्या चार. फवारणीचे पंप दोन, त्यातला एक बिघडलेला. द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे प्लॅस्टिकचे मग चौदा, एकात एक घातलेले. रिकामे क्रेट साठ, छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्यामागे खोलीची एकुलती एक खिडकी. मधोमध एक लोखंडी खाट, आणि खाटेवर निकिता.

नाशिकच्या डॉक्टरांनी अंधारी, शांत खोली हवी असं सांगितलं होतं. बंगल्यात वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि तिन्हींना जाड पडदे होते. पण सासूबाईंनी, सुलाबाईंनी, घरभर एक नजर फिरवली आणि निकाल दिला.

"अंधारच पाह्यजे ना? मग औषधाच्या खोलीइतका अंधार कुठं हे? आन् शांत म्हणशील तर तिथं उंदीरसुद्धा जात नाय."

उंदीर का जात नाही हे कळायला निकिताला तिची बॉटनीची पदवी लागत नव्हती. पण ती काही बोलली नाही. बोलायला शब्द सापडत नव्हते, हाच तर आजार होता.

द्राक्षाची शेवटची गाडी भरताना ती ट्रॉलीवरून पाठीमागे पडली होती. क्रेट मोजता मोजता मागे सरकली, आणि ट्रॉली तिच्या अंदाजाआधी संपली. डोकं जमिनीवर आपटलं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, पण उजेड डोळ्यांत सुयांसारखा घुसायला लागला, आकडे पाहिले की मळमळायचं आणि रोजच्या वस्तूंची नावं ऐनवेळी गळून पडायची.

"मेंदूला हादरा बसलाय," डॉक्टर हर्षलला म्हणाले होते. हर्षल म्हणजे निकिताचा नवरा. "पाय मोडला तर आपण प्लॅस्टर घालतो. मेंदूला प्लॅस्टर घालता येत नाही, म्हणून तो आपला आपण स्वस्थ ठेवायचा. महिनाभर काही करायचं नाही. फोन नाही, हिशोब नाही, वाचन नाही. विचार आला तर येऊ द्यायचा, गेला तर जाऊ द्यायचा, त्याच्यामागे धावायचं नाही. एवढं पाळलं तर त्या पहिल्यासारख्या होतील. नाही पाळलं, तर ही डोकेदुखी आणि हे विसरणं कायमचं मुक्कामाला राहील."

हर्षलने मान डोलावली. त्याच्या खिशात तेव्हाही निकिताचाच फोन वाजत होता.

वणीच्या अलीकडच्या त्या गावात त्या महिन्यात विश्रांती हा शब्द त्या घराइतका कुठेच बोलला जात नसेल. फक्त तो निकितासाठी नसायचा. तो बागेसाठी असायचा.

माल निघाला की धोंडीराम, म्हणजे निकिताचे सासरे, सगळे त्यांना नाना म्हणत, बागेच्या तोंडाशी एक पाटी लावायचे. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: 'बाग विश्रांतीत आहे. आत येऊ नये.' मग एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या खोडापाशी उतरवायचं काम, होईपर्यंत महिनाभर आत कोणी पाऊल टाकायचं नाही. ट्रॅक्टर नाही, मजूर नाही, राहिलेली द्राक्षं चोरायला शिरणारी पोरं नाहीत. जेवढ्यास तेवढं पाणी, आणि वेलींवरची पानं तशीच राखायची. पहिल्या वर्षी लोक हसले. पुढे नानांच्या बागेचा माल परदेशी जायला लागला, छाटणीआधीच्या तपासणीत काडीवरच्या शंभर डोळ्यांमागे, म्हणजे कोंबांमागे, सत्तरच्या वर घड निघायला लागले, तेव्हा आसपासच्या तिघांनी तसल्याच पाट्या रंगवून घेतल्या. चर्चासत्रांत नानांना बोलावणं येऊ लागलं. माईक हातात आला की त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं:

"बाई बाळंत झाली तर सव्वा महिना उठवता का तिला? मंग वेलीनं येवढाले घड दिले, आन् दुसऱ्या दिशी तिला कात्री लावायची? झोपू द्या बागंला. झोपली का मुळात अन्न साठतं. कापलेल्या काडीवर आयोडीन टाकून बघा. काळी पडली तर समजा, बाग झोपून उठली. फिक्की राहिली तर अजून झोपू द्या."

टाळ्या पडायच्या. आयोडीनची गोष्ट निकिताची होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर काडी कापून, तिच्यावर थेंब टाकून नानांना तो काळपट निळा रंग दाखवला होता. नाना वाकून बघत राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर तेच स्वतःचं म्हणून सांगत होते. तेव्हा निकिताला त्याचं बरं वाटलं होतं. त्यानंतर फवारण्यांच्या नोंदी, परदेशी मालाची ऑनलाइन कागदपत्रं, पाणी कधी तोडायचं, शेंडा कधी खुडायचा, सगळं हळूहळू तिच्या डोक्यात येऊन बसलं. पासवर्डही, आणि गॅसचा नंबरही, आणि सुलाबाईंच्या गोळ्यांची वेळही. घरात कोणी काही लक्षात ठेवायचं बंदच केलं होतं.

म्हणून ती औषधांच्या खोलीत पडून राहिली तेव्हा घराला आपलंच डोकं दुखल्यासारखं झालं.

हर्षल दर तासाला दार किलकिलं करायचा. उजेडाची एक पट्टी तिच्या चेहऱ्यावर पडायची.

"झोपलीस का? झोप, झोप. फक्त एक ओटीपी आलाय बघ."

"हर्षल, स्क्रीन नको म्हणालेत."

"तू बघूच नको ना. मी वाचतो, तू फक्त सांग पुढे काय दाबायचं. फक्त दोन मिनिटं."

'फक्त' हा त्याचा लाडका शब्द होता. तो वाईट माणूस नव्हता. दोन मिनिटं संपली की तो तिच्या कपाळाला बाम लावायचा, आणि बाम लावता लावता विचारायचा, "फक्त तो दुसरा पासवर्ड कोणता होता गं?"

आणि मग पाहुणे. चैत्राची यात्रा जवळ आली होती. गडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच घर, त्यामुळे सप्तशृंगीला निघालेला प्रत्येक नातेवाईक 'सुनेला बघायला' वाट वाकडी करून यायचा. आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे केवढा दोष. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा पुढे ठेवायचा, खाटेच्या कडेवर बसायचं आणि पडलीस कशी ते पहिल्यापासून ऐकायचं. पाहुण्यांना चहा लागायचा. तो निकिताच करायची, कारण सुलाबाईंना पाहुण्यांपाशी बसावं लागायचं.

तिथेच तो खेळ सुरू झाला. एकदा पुऱ्या तळताना निकिताने हात पुढे करून म्हटलं, "आई, ते द्या ना, ते... भोकाभोकांचं." सुलाबाईंनी झारा उचलून धरला, पण दिला नाही.

"काय हे? नाव सांग."

निकिता बघत राहिली. वस्तू ओळखीची होती, तिचा दांडा ओळखीचा होता, नाव मात्र जिथे असायचं तिथे काहीच नव्हतं. तेल तापत होतं.

"येवढी शिकलेली, आन् झाऱ्याला भोकाभोकांचं म्हणते!" पाहुण्या आलेल्या नणदा-जावा खो खो हसल्या. सुलाबाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग जो येईल त्याच्यासमोर हा कार्यक्रम व्हायचा. खाटेपाशी एकेक वस्तू यायची. किसणी. पक्कड. सुलाबाईंचं मंगळसूत्र. "सांग, काय हे? अगं सांग ना, डॉक्टरनं डोक्याला चालना द्या म्हणून सांगितलंय." डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. दहातली तीन नावं चुकायची, आणि त्या तीन चुकांसाठीच बायका बसून राहायच्या. चोपड्याहून आलेली एक आत्या तर जाताना म्हणाली, "महिनाभर खाट धराले काय बाळंतपण व्हयनं का ईनं?"

"कुठलं बाळंतपण," सुलाबाई म्हणाल्या, निकिता समोरच बसलेली असताना. "तीन वर्षं झाली. बाळंतीण असती तर हातावर झेलली असती आम्ही. ही नुसतीच सव्वा महिना घेऊन बसलीय."

संध्याकाळी डोकं एवढं ठणकायचं की निकिता गंधकाच्या पिशवीवर कपाळ टेकवून बसायची, कारण पिशवी गार असायची. तिला स्वच्छ दिसत होतं की डॉक्टरांनी दिलेला महिना चालला आहे, आणि त्यातली एक दुपारसुद्धा तिला मिळालेली नाही. हे असंच राहिलं तर सुया, मळमळ आणि ती रिकामी जागा आता आयुष्यभराची.

गावात एकच जागा अशी होती जिथे कोणी येणार नव्हतं. ती जागा राखायला लाल अक्षरांची पाटी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकून घर आडवं झालं, तशी ती रिकामं पोतं घेऊन पाटीच्या बाजूने आत शिरली. मांडवाची बाग होती. माथ्यावर पानांचं सलग छत, आणि त्याखाली हिरवट, बसकी सावली. बरीच आत गेल्यावर तिने पोतं अंथरलं आणि आडवी झाली.

पहिल्या दुपारी काही विश्रांती मिळाली नाही. डोकं चालूच होतं: गॅस संपत आलाय, आत्यांचा डबा परत करायचा राहिला, हर्षल चुकीचं बटण दाबेल. ती प्रत्येक विचाराबरोबर उठून बसत होती. दुसऱ्या दुपारी ती उठली नाही. विचार आला, वर पानांत थोडा वेळ घुटमळला, कोणी दार उघडत नाही म्हटल्यावर निघून गेला. असे बरेच आले आणि गेले. मग दोन विचारांच्या मध्ये मोकळी जागा दिसायला लागली, आणि ती जागा रोज थोडी रुंद होत गेली. ती झोपत नव्हती. डोळे उघडे असायचे. एक पान हलायचं, तेवढ्यापुरता उन्हाचा कवडसा तिच्या मनगटावर यायचा आणि परत जायचा. त्याचं काही करायचं नव्हतं. ते मोजायचंही नव्हतं. तिला वाटलं, पाण्याच्या टाकीत गाळ बसतो तसं हे आहे. ढवळणारा हात काढून घेतला की झालं, पाण्याला निवळायला शिकवावं लागत नाही.

आणि एका दुपारी, ती कशाचाच विचार करत नसताना, शब्द आपला आपण आला. झारा. कोणीतरी हाक मारावी इतका स्पष्ट. ती हसली. मग पक्कड आली, किसणी आली, आणि कुठलं कुठलं कॉलेजमधलंही काहीबाही येऊन बसलं. त्या दिवशी घरी जाताना उन्हाकडे बघून डोळे मिटावे लागले नाहीत.

हा आनंद तिने एकट्याने ठेवायला हवा होता. पण तिने तो हर्षलला सांगितला.

"मला आठवायला लागलंय," ती म्हणाली. "दुपारी बागेत जाऊन पडते मी. काहीच करत नाही. खरंच हर्षल, काहीच न केल्यानं होतंय. अजून थोडे दिवस कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," हर्षल म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं. "मग फक्त तो पासवर्ड..."

दुसऱ्याच दुपारी बँकेचा ओटीपी आला. हर्षलने खोली बघितली, खाट रिकामी. पाच मिनिटांत तो संपणार होता. ओट्याशी सुलाबाई होत्या. त्याने विचारलं, "आई, निकिता बागेत गेली का?"

बास, एवढंच. तो फितूर झाला असं म्हणता येणार नाही. त्याला फक्त घाई होती.

निकिताला आधी नानांच्या चपला दिसल्या, मग त्यांच्यामागे सुलाबाईंच्या. ती उठून बसली. नाना पोत्याकडे बघत होते, पोत्याने दबलेल्या मातीकडे बघत होते, आणि आपल्या झोपलेल्या बागेच्या पोटात एक बाई झोपलेली सापडते या गोष्टीकडे बघत होते.

"पाटी वाचता येत नाय का?"

"येते, नाना. इथे शांत असतं. डॉक्टरांनी..."

"आत्या काय म्हणतील माह्यती हे का?" सुलाबाई मधेच म्हणाल्या. "सासू डबे भरती आन् सून मांडवाखाली लोळती. उद्या गडावरून उतरतील तर गावभर करतील."

"नाना, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना," निकिता म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, आणि तीच तिची चूक झाली. "थकलेल्याला झोपू द्यावं. मुळात अन्न साठतं. माझंही साठतंय. मला झारा आठवला."

सुलाबाईंना हसू फुटलं. पण नाना हसले नाहीत. आपलंच वाक्य, माईकशिवाय, पोत्यावर बसलेल्या सुनेच्या तोंडून त्यांना ऐकू आलं होतं.

"वेल घड देते," ते म्हणाले. "तू काय देलंस?"

निकिता पोतं गुंडाळायला लागली.

"बाग झोपलीय म्हणून तू झोपती. बरं. मंग बागच उठवतो." त्यांनी तिथेच खिशातून फोन काढला आणि मंगळूला लावला. मंगळू म्हणजे छाटणीच्या मजुरांचा मुकादम, सुरगाण्याकडचा, माणसं घेऊन दिंडोरीत उतरलेला. "मंगळू, माणसं मोकळी हेत ना? उद्या सकाळी या. हो, आमचीच. खरड."

पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "हो हो, माह्यती हे मला लवकर हे ते," नाना ओरडले. "बाग माझी हे का तुझी?"

"अहो, अजून निम्माच झालाय महिना," सुलाबाई हळूच म्हणाल्या. त्यांना सुनेला बाहेर काढायचं होतं, बागेला नाही. पण नानांनी तिघांसमोर बोललेलं वाक्य मागे घेतल्याचं त्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला औषधांच्या खोलीचं दार वाजलं. वाजलं, म्हणजे कोणीतरी ते चक्क वाजवलं. एरवी सगळे ढकलूनच आत यायचे. दारात नाना उभे होते. आत आले नाहीत. मगांच्या चवडीकडे बघत म्हणाले,

"ती तुझी आयोडीनची बाटली कुठं हे?"

"वरच्या फळीवर."

"हां." ते तिथेच उभे राहिले. "तपासायची का एक काडी? नाय म्हंजे, तू म्हणत असशील तर. तू म्हणाली का फिक्की हे, तर मंगळूला सांगता येईल. सून म्हणती आठ-पंधरा दिस थांबा, शिकलेली हे, असं."

निकिताला सगळं दिसलं. काडी फिकी निघणार होती, हे बाटली न उघडताही दिसत होतं. नानांना ते तिच्याइतकंच माहीत होतं. त्यांना फक्त स्वतःचं वाक्य मागे घ्यायला दुसऱ्याचं तोंड हवं होतं. तिने 'थांबा' म्हटलं की उद्याची छाटणी थांबेल, माथ्यावरची सावली राहील, कदाचित पाटीही राहील. आणि तिचं डोकं परत चालू झालं, ही बातमी आज रात्रीच घरभर होईल. सकाळी हर्षल फोन घेऊन येईल. फक्त दोन मिनिटं. मग पाणी कधी, शेंडा कधी, गोळी कुठली, गॅस कोणाचा. सावली तेवढी राहील, आणि तिच्याखाली पडायला ती उरणार नाही.

तिने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच विनंतीसारखं काहीतरी होतं.

"काळी म्हणजे काय आणि फिकी म्हणजे काय," ती सावकाश म्हणाली, "मला आठवत नाही, नाना."

"अगं, तूच तर..."

"आठवत नाही."

नाना दार ओढून निघून गेले.

सकाळी मंगळूची माणसं शिरली, आणि दुपारपर्यंत मांडवाचं छत खाली आलं होतं. हिरव्या पानांसकट काड्या सरींत पडल्या होत्या आणि त्यांच्यातून चीक गळत होता. नानांनी निकिताला काड्या गोळा करायला लावलं. "आता झोप की मांडवाखाली," सुलाबाई म्हणाल्या. एप्रिलचं ऊन, वर एक पान नाही. तिसऱ्या ओळीत ती एका खोडाशी वाकून ओकली. शेजारच्या मजूरणीने पाणी दिलं. ते पिऊन ती परत उभी राहिली, दोन पेंढ्या उचलल्या आणि भलत्याच टोकाला नेऊन टाकल्या. कोणीतरी ओरडलं. तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि त्या तिथेच राहू दिल्या.

त्या दिवसापासून ती तेवढंच करत गेली. कोणी काही विचारलं की थोडं थांबायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "आठवत नाही." पासवर्ड आठवत नाही. व्यापाऱ्याचं नाव आठवत नाही. सुलाबाईंनी झारा वर धरला की ती तो डोळे भरून बघायची आणि मान हलवायची. दहातली दहाही नावं चुकायला लागल्यावर त्या खेळात मजा राहिली नाही. पाहुण्या बायका अवघडून बिस्किटांचा पुडा खाली ठेवायच्या आणि लवकर उठायच्या.

मग घराने तिला सोडून दिलं. हर्षलने पासवर्ड बदलून घेतले. तिचं ताट शेवटी वाढलं जाऊ लागलं, कधी गार, कधी भाकरीशिवाय. 'अर्धवट' हा शब्द आधी कुजबुजीत होता, मग नेहमीच्या आवाजात आला. तिच्यासमोरच सुलाबाई हर्षलला म्हणाल्या, "चांदवडकडं एक पोरगी हे. घटस्फोटाची हे, पण डोकं धड हे." हर्षल खाली बघून जेवत राहिला. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जेवण झाल्यावर निकिता उठली, औषधांच्या खोलीत गेली, क्रेटची वरची रांग उतरवली, खिडकी उघडी केली आणि खाटेवर पडून बाहेरच्या बाभळीकडे बघत राहिली. चांदवडची पोरगी मनात आली, थोडा वेळ बाभळीवर बसली आणि उडून गेली. दुखणं कधी थांबलं ते तिला कळलंही नाही. एका सकाळी लक्षात आलं की बरेच दिवस ते आलेलं नाही.

बागेचं मात्र वेगळंच चाललं होतं. अर्ध्या झोपेतून उठवलेली बाग एकसारखी फुटली नाही. एका वेलीवर नऊ पानं झाली तेव्हा शेजारचीवर तीनच होती, आणि तिच्या पलीकडची नुसतीच सुजल्यासारखी उभी. शेंडा सातव्या पानावर खुडायचा, पण कुणाच्या सातव्या? काडीच्या डोळ्यांत घड धरायच्या दिवसांत पाणी तोडायचं असतं. ते दिवस कधी आले आणि कधी गेले, हे नानांना कळलं नाही. दोनदा ते औषधांच्या खोलीच्या दारापर्यंत आले. एकदा हर्षलला पाठवलं.

"तुला आठवत असेल ना, गेल्या वर्षी पाणी कधी तोडलं होतं? फक्त एवढं सांग."

पाणी आजच तोडायला हवं होतं. ती बाभळीकडे बघत होती.

"आठवत नाही," ती म्हणाली.

फळ धरायच्या गोडी छाटणीच्या तोंडावर, सप्टेंबरात, हर्षल गाडी घेऊन नाशिकला निघाला. मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दहा काड्या होत्या आणि त्यांच्या शेजारी निकिता होती. काड्या दिंडोरी रोडच्या प्रयोगशाळेत द्यायच्या. तिथे डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड मोजतात. निकिता डॉक्टरांना दाखवायची. चांदवडचं पुढे न्यायचं तर एक कागद हातात असलेला बरा, असं सुलाबाईंचं म्हणणं होतं.

हर्षल बाहेर फोनवर होता. डॉक्टरांनी तिला दहा शब्द सांगितले: सायकल, लिंबू, कुलूप, ढग, सुई, पायरी, उंट, साबण, खिडकी, मीठ. मग इकडचं तिकडचं विचारलं, पाऊस कसा झाला, जेवण जातं का. मग म्हणाले, "आता सांगा बघू, जेवढे आठवतील तेवढे."

"मीठ, खिडकी, साबण, उंट, पायरी, सुई, ढग, कुलूप, लिंबू, सायकल," निकिता म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उलटे! वा. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"तेच जमत नाही लोकांना," ते खुशीत म्हणाले. "मिस्टरांना बोलवू का? त्यांनाही सांगतो."

"नको. मी सांगते."

परतताना गाडी म्हसरूळच्या पुढे आली तेव्हा हर्षलने विचारलं, "काय म्हणाले? किती आठवले?"

"दोन," निकिता म्हणाली.

त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि रस्त्याकडे बघत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेचा मेसेज येऊन पडला होता, आणि त्याच्यावर नानांचं नाव लखलखत होतं. त्याने गाडी कडेला घेतली, फोन स्पीकरवर टाकला.

"आला का रिपोर्ट?" नानांच्या मागे सुलाबाई कोणाला तरी गप्प बसा म्हणत होत्या.

"आलाय."

"मंग वाच ना मोठ्यानं."

हर्षलने एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"काड्या दहा. तपासलेले डोळे शंभर. घड असलेले डोळे नऊ."